निशाणी आणि पृष्ठांक : खडवलीच्या जमिनीचे कागद

भातसा नदीकाठचे खडवली हे गाव कल्याण तालुक्यात असल्याने तेथील शेतजमिनीचा वाद दिवाणी न्यायालयात गेला की सातबारा, फेरफार म्हणजे हक्कबदलाची क्रमांकित नोंद, खरेदीखते आणि 1948 च्या कुळकायद्याखालील दाखले यांचा गठ्ठा कल्याणच्या न्यायालयात दाखल होतो, आणि तेथे त्यावर नवे आकडे चढतात.

या आकड्यांची पूर्वपीठिका पेशवे दप्तरापर्यंत मागे नेता येते. दप्तरातले मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले असत. पुढे इनाम कमिशनने 1852 च्या अकराव्या कायद्यानुसार इनामदारांचे दावे याच दप्तराशी ताडून पाहिले, तेव्हा कागद अमुक रुमालातला आहे हे सांगता येणे हा हक्काच्या निवाड्याचाच भाग झाला. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 13, नियम 4 प्रमाणे पुराव्यात घेतलेल्या दस्तऐवजावर दाव्याचा क्रमांक व शीर्षक, तो हजर करणाऱ्याचे नाव, तारीख आणि दाखल करून घेतल्याचा शेरा लिहून न्यायाधीशाने सही वा आद्याक्षरी करावयाची असते.

महाराष्ट्रातील न्यायालयांत दाव्यातल्या प्रत्येक कागदाला मिळणाऱ्या क्रमांकाला ‘निशाणी’ म्हणतात. दावा स्वतः निशाणी 1 असतो. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला निशाणी 5 इतक्या नेमाने मिळते, की ‘निशाणी पाचचा हुकूम’ म्हटल्यावर पक्षकारालाही वेगळे सांगावे लागत नाही. कागदयादीला निशाणी 3 मिळाली, तर तिच्यातील कागद 3/1, 3/2 असे ओळखले जातात. म्हणजे निशाणी कागदाचे दाव्यातले स्थान सांगते, पान मात्र सांगत नाही. 1890 च्या दशकात अमेरिकेत पेटंट मिळालेल्या बेट्स यंत्राने, दर दाबासरशी पुढचा आकडा उमटवून, नेमकी पानाची ओळख पक्की केली, आणि स्कॅन केलेल्या संचाला तीच लागते, कारण पडद्यावर गठ्ठ्याची जाडी हाताला कळत नाही.

ई-न्यायालय प्रकल्पाच्या 2023 मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात अभिलेखांचे स्कॅनिंग, अंकीकरण व जतन यांसाठी 2038.40 कोटी रुपये ठेवले आहेत, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, नोंदवावी लागते. पानावर आकडा छापला की ही खूणही बदलते, त्यामुळे क्रमांक टाकण्यापूर्वीची मूळ प्रतिमा वेगळी राखणे अत्यंत आवश्यक ठरते.

खरी जोखीम फेरफाराच्या पानावर दिसते. गाव नमुना 6 मध्ये डावीकडे नोंदीचा क्रमांक आणि अगदी उजवीकडे चाचणी अधिकाऱ्याची आद्याक्षरी किंवा शेरा असतो. पृष्ठांक सरधोपटपणे उजव्या खालच्या कोपऱ्यात छापला, तर नोंद मंजूर झाल्याचे सांगणारी तीच अक्षरे झाकली जाण्याची भीती असते. म्हणून प्रतिमेखाली कोरी पट्टी वाढवून आकडा तेथे टाकणे, आणि अनुक्रमणिकेत निशाणी, फेरफार क्रमांक व पृष्ठांक हे तिन्ही शेजारी ठेवणे, हीच योग्य रीत होय.