दहा डॉलरची वर्गणी

ऑनसाइटला असताना ऑफिसला जाता-येता गाडीत रेडिओ लावायची सवय लागली. बे एरियातलं ट्रॅफिक असं, की तासभर दुसरं करणार तरी काय? बहुतेक स्टेशनांवर दोन गाण्यांच्या मध्ये गाद्या, विमा आणि दातांचे डॉक्टर. एका स्टेशनवर मात्र जाहिरात नाहीच. मी खूश! मग एके दिवशी चांगली रंगात आलेली मुलाखत मध्येच थांबवून निवेदक पैसे मागायला लागला. फोन नंबर सांगतोय, पुन्हा सांगतोय, अजून इतके कमी पडतायत म्हणतोय. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच.

मला जरा कसंतरीच झालं. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात येतात, पावतीपुस्तक पुढे करतात, शेजारच्यांनी किती दिले तेही हळूच दाखवतात. तिथे 'नाही' म्हणायला जिगर लागते. इथे तर समोर कोणीच नाही. मी पैसे दिले नाहीत तरी त्याला कळणार नाही आणि माझा रेडिओही बंद पडणार नाही. मग लोक देतात कशाला? आणि हे असं चालेल, हे मुळात आलं कुणाच्या डोक्यात?

विकेंडला शोधायला बसलो. सापडलं ते फार लांब नव्हतं. खाडीच्या पलीकडे बर्कली, साल १९४९, स्टेशन केपीएफए.

त्या काळी रेडिओचा खर्च भागवायचे दोन रस्ते सगळ्यांना माहीत होते. एक ब्रिटिश : घरात संच आहे ना, मग दरवर्षी लायसन्स फी भरा. आपल्याकडेही हेच होतं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स रिन्यू करायचं आणि ते पुस्तक जपून ठेवायचं, हे जुन्या लोकांना विचारा. १९८०च्या दशकात ते गेलं. दुसरा रस्ता अमेरिकन : ऐकणाऱ्यानं काहीच द्यायचं नाही, साबणवाला देईल. ('सोप ऑपेरा' हे नाव या साबणवाल्यांमुळेच पडलं.) ऐकणाऱ्यांनी आपणहून पैसे द्यावेत, आणि न देणाऱ्यांनीही खुशाल ऐकावं, असा तिसरा रस्ता काढायला निघाला तो लुइस हिल.

हिल १९१९ सालचा, कॅन्सस सिटीचा. दुसऱ्या महायुद्धात त्यानं बंदूक उचलायला तत्त्व म्हणून नकार दिला. अशा लोकांसाठी सरकारनं श्रमछावण्या काढल्या होत्या, तिथे तो राहिला. पुढे वॉशिंग्टनमध्ये रेडिओवर बातम्या वाचायचं काम केलं. खोटी आहे हे माहीत असलेली एक बातमी वाचायला तो तयार नव्हता, म्हणून त्यानं नोकरी सोडली, असं त्याच्याबद्दल सांगतात. गोष्ट थोडी गोळीबंद वाटते खरी, पण त्याचं पुढचं लिखाण वाचलं की पटते. माइकसमोर बसलेला माणूस स्वतःचा नसलेला शब्द, स्वतःला न पटलेल्या उत्साहानं वाचतो, हेच त्याच्या मते रेडिओचं मूळ दुखणं. तो वाईट आहे म्हणून नव्हे, तर पगार देणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा म्हणून.

१९४६ साली हिल आणि त्याच्यासारख्याच युद्धविरोधी मित्रांनी पॅसिफिका फाउंडेशन काढलं. माणसामाणसांत, देशादेशांत भांडणं का होतात ते समजून घ्यायचं, आणि त्यासाठी एकमेकांचं न पटणाऱ्यांना एका माइकसमोर बसवायचं, असा बेत. एएम स्टेशनचं लायसन्स मागितलं, ते मिळालं नाही. शेवटी एफएमचं मिळालं.

आता एफएम म्हणजे आपल्याला रेडिओच. तेव्हा तसं नव्हतं. युद्धाआधी अमेरिकेत एफएम ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचं. १९४५ मध्ये सरकारी आयोगानं ते उचलून ८८ ते १०८ वर नेलं. झालं! लोकांनी हौसेनं घेतलेले जुने एफएम संच एका निर्णयात निकामी. (प्रॉडक्शनमध्ये चालू असलेला प्रोटोकॉल बदलायचा आणि जुन्या क्लायंटना सपोर्ट द्यायचा नाही, ही खोड आपल्याच धंद्याची आहे असं मी समजत होतो.) त्यामुळे १९४९ मध्ये एफएम स्टेशन काढणं म्हणजे ज्या भाषेचे वाचकच नाहीत त्या भाषेत वर्तमानपत्र काढण्यासारखं. श्रोत्यांना आधी संच मिळवून द्यायची खटपटही स्टेशनलाच करावी लागली.

१५ एप्रिल १९४९, दुपारी तीन. विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या एका इमारतीतून हिलनं स्टेशनचं नाव सांगितलं आणि केपीएफए सुरू झालं. वर्गणी वर्षाला १० डॉलर.

या आकड्यावर जरा थांबू. आज दहा डॉलरमध्ये बर्कलीत धड जेवण येत नाही. पण १९४९ मध्ये अमेरिकेतलं किमान वेतन होतं तासाला ४० सेंट. म्हणजे अगदी तळाच्या कामगाराची पंचवीस तासांची मजुरी. आजच्या किमतीत साधारण १३० डॉलर. आणि हे कशासाठी, तर जे न देताही ऐकू येतंय त्यासाठी! वर्गणीदाराला जास्तीचं काय मिळायचं, तर कार्यक्रमांचं छापील वेळापत्रक घरपोच. बस.

त्या वर्षात तिथे काय नव्हतं? लोकसंगीत, नाट्यवाचन, मुलांचे कार्यक्रम, वादचर्चा. अँथनी बाउचर हा रहस्यकथा आणि विज्ञानकथांमधला नावाजलेला माणूस. तो आपल्या संग्रहातल्या जुन्या रेकॉर्ड घेऊन यायचा आणि गेल्या पिढीतले ऑपेरा गायक ऐकवायचा. १९४९ साली सुरू झालेलं त्याचं 'गोल्डन व्हॉइसेस' १९६८ मध्ये तो जाईपर्यंत चालू होतं. हे कोण ऐकणार, असा प्रश्न जाहिरातवाल्या स्टेशननं पहिल्याच मीटिंगमध्ये विचारला असता.

दिवस मात्र भलते होते. १९४९ सालीच कॅलिफोर्निया विद्यापीठानं प्राध्यापकांकडून आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागायला सुरुवात केली. जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. त्याच महिन्यात रेडिओ-टीव्हीतल्या दीडशे लोकांची नावं 'संशयित' म्हणून छापणारं 'रेड चॅनेल्स' हे पुस्तक बाहेर आलं, आणि यादीतल्यांची कामं जायला लागली. ऑगस्टमध्ये शपथेवर सही न करणाऱ्या ३१ जणांना विद्यापीठानं काढून टाकलं. दोन्ही बाजू एका टेबलाशी बसवणारं रेडिओ स्टेशन असण्याची गरज कधी असेल, तर ती नेमकी तेव्हा.

आणि नेमकं तेव्हाच, ऑगस्ट १९५० मध्ये, केपीएफए बंद पडलं. कुणी धाड घातली नाही, बंदी आणली नाही. पैसे संपले. सोळा महिन्यांत पुरेसे वर्गणीदार जमले नाहीत, इतकं साधं.

गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग इथून सुरू होतो. स्टेशन चालू असताना जे जमलं नव्हतं, ते बंद पडल्यावर जमायला लागलं. श्रोत्यांनी सभा घेतली, 'कायमचं बंद' हे मान्य करायला नकार दिला आणि निधी गोळा करायला सुरुवात केली. नऊ महिने तिथून एक शब्द प्रसारित होत नव्हता, आणि लोक त्या शांततेसाठी पैसे देत होते. मे १९५१ मध्ये स्टेशन पुन्हा सुरू झालं.

इथे पडदा टाकला तर गोष्ट छान दिसते. बऱ्याच ठिकाणी ती अशीच सांगितलेली आहे. पण १९५१ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. फोर्ड फाउंडेशनच्या प्रौढशिक्षण निधीनं केपीएफएला १,५०,००० डॉलर दिले. दहा डॉलरनं भागा : पंधरा हजार वर्गण्या, एका चेकमध्ये. मोटारींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेनं युद्धविरोधकांच्या रेडिओला हात दिला. म्हणजे वर्गणीवर रेडिओ चालतो हे सिद्ध झालं की नाही?

हिलनं त्याच वर्षी श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओबद्दल एक निबंध लिहिला. त्यातलं गणित असं : परिसरातल्या एफएम श्रोत्यांपैकी फक्त २ टक्क्यांनी वर्गणी दिली तरी पुरे. ९८ टक्के फुकटे धरूनच डिझाइन केलेलं! मी आजवर वर्गणी न देणाऱ्याला चोर समजत होतो (आणि स्वतःकडे सोयीस्कर दुर्लक्ष करत होतो :)). हिलच्या हिशेबात तो चोर नाहीच, तो श्रोता आहे. वर्गणीदाराबद्दलही त्याचं म्हणणं वेगळं आहे. त्याच्या मते दहा डॉलर ही कार्यक्रमाची किंमत नाही, ते या व्यवस्थेत आपणहून भागीदार होणं आहे. आणि असा माणूस रेडिओ नुसता चालू ठेवून भांडी घासत नाही, लक्ष देऊन ऐकतो.

पण पंधरा हजार वर्गण्यांना २ टक्क्यांचं सूत्र लावलं तर साडेसात लाख एफएम श्रोते हवेत. त्या काळी एफएमचे संचच कमी. म्हणून माझं मत असं, की गणित चुकीचं नव्हतं, पण ते लागू पडेल एवढे श्रोते जमेपर्यंत तग कसा धरायचा याचं उत्तर त्यात नव्हतं. ते उत्तर आधी नऊ महिन्यांच्या श्रोत्यांनी दिलं आणि मग फोर्डच्या चेकनं. एकट्या कुणाचंच ते श्रेय नाही. आपल्याकडे २००६ च्या धोरणानं सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओ काढायची मुभा दिली तेव्हा तासाला पाच मिनिटं जाहिराती चालतील असं ठरलं, ते या 'तोपर्यंत'च्या प्रश्नाचंच एक उत्तर. बातम्या मात्र स्वतःच्या देता येत नाहीत. असो, तो वेगळा विषय.

हिलला हे सगळं सोपं गेलं नाही. आतल्या भांडणांमुळे १९५३ मध्ये तो बाहेर पडला, १९५४ मध्ये परत आला. पाठीच्या कण्याच्या आजारानं त्याला पुरतं छळलं होतं. १ ऑगस्ट १९५७ ला त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ३८. भांडणं का होतात हे शोधायला निघालेल्या संस्थेला भांडणानंच पोखरावं, यावर विनोद करावासा वाटत नाही.

स्टेशन राहिलं. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसला पॅसिफिकाचं दुसरं स्टेशन निघालं. १९६० मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मालकानं आपलं चालतं स्टेशन त्यांना चक्क देऊन टाकलं. पुढे अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओनं श्रोत्यांकडे मागण्याची ही पद्धत उचलली, आणि तीच माझ्या गाडीत येऊन पोचली.

पुढच्या खेपेला मुलाखत तुटली तेव्हा मी घरी पोचल्यावर फोन लावला. पलीकडे एक आजी होत्या, आवाजावरून सत्तरीच्या. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर घेतला आणि विचारलं, कप हवा की पिशवी? म्हटलं, काहीच नको. त्या म्हणाल्या, बरं झालं, पोस्टाचा खर्च वाचला.