उस्मानी वंशाचें मूळ

उस्मान हा तुर्की सुलतानांचा मूळ पुरुष. परंतु त्याचा आजा कोण, याविषयीं बखरकारांत एकमत नाहीं. कोणी सुलेमानशहा म्हणतात, कोणी गुंदुझ आल्प. १३०२ मध्यें उस्माननें बायझंटाईन फौजेचा पराभव केल्याचें समकालीन ग्रीक इतिहासकार पाखिमेरेस यानें नमूद केलें आहे. तुर्की बखरी मात्र पंधराव्या शतकांतल्या. १४०२ मध्यें अंकारा येथें तैमूरनें सुलतान बायझीदला कैद केलें व राज्याचे तुकडे झाले. तैमूरच्या वंशजांपुढें ताठ मानेनें उभें राहण्यास थोर पूर्वज हवेच होते. दुसऱ्या मुरादच्या कारकीर्दींत (१४२१–१४५१) वंशावळ ओघुझखानाचा ज्येष्ठ नातू कायी याच्यापर्यंत नेण्यांत आली. नाण्यांवर कायी कुळाचें चिन्ह उमटलें. एवढ्यानें ती कथा खोटी ठरत नाहीं. पण ती गरजेच्या वेळीं लिहिली गेली, हें विसरतां येत नाहीं.