खांब्या

१९ जानेवारी २०२५. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत चालली होती. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कप्तान प्रियांका इंगळे, मूळची आपल्याच बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. घरात सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मोबाईल हातात धरून नुसता बसलो होतो. ही बातमी सांगायला फोन करावा असा एकच माणूस, आणि तो आदल्या पावसाळ्यात गेलेला. नंबर मात्र अजून तसाच आहे, पुसवत नाही.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. चकलांब्याला आम्ही सगळे त्याला 'खांब्या' म्हणायचो. पळती करणारा गडी खांबाशी वळायला लागला की हा खांबाला एका हाताने विळखा घालून असा काही आडवा सूर मारायचा की गडी बाद झालाच म्हणून समजा.

तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत खो-खो खेळला असेल, पण त्याची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मलाही फार उशिरा कळली. खेळ जुनाच, पण त्याला नियमांत बसवलं ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ साली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. हे सगळं होत होत खेळ गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत आला. आमच्याकडे बाभळीचे दोन खांब आणि राखेने आखलेली मध्यपाटी, एवढ्यावर काम भागायचं. पायाला बूट कुणाच्याच नव्हते.

आठजण मध्यपाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो. धावणाऱ्याने एकदा धरलेली दिशा सोडायची नाही, मध्यपाटी ओलांडायची नाही. पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्याला खो द्यायचा. आणि खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही! शिस्तीचा खेळ आहे हा. पैसा लागत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना परवडला.

१९८२ साली आम्ही नववीत होतो. तालुक्याची स्पर्धा जिंकली ती खांब्याच्या जोरावर. मी बारावा गडी. पाणी द्यायचं आणि सगळ्यांचे सदरे सांभाळायचे, हे माझं काम. जिल्ह्याची स्पर्धा दसऱ्यानंतर होती. आमच्या भागात दसरा झाला की काय होतं हे बीडकरांना सांगायला नको. खांब्याच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. बैलगाड्यांत भांडी, कोंबड्या, लेकरं भरून ते कारखान्याकडे निघाले. लहान भावंडांना कोपीत सांभाळायला आणि वाढ्याच्या मोळ्या बांधायला खांब्या पाहिजेच होता. निघताना मला म्हणाला, "खांबावर घाई करू नको, गड्या. त्याला आधी वळू दे."

त्याच्या जागी मी खेळलो. मी घाईच केली आणि आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. प्रमाणपत्रं मिळाली ती हजर असणाऱ्यांना. मला मिळालं, त्याला नाही. पुढे दिवाळीनंतर दिल्लीला एशियाड झालं आणि तिथे खो-खोचं प्रात्यक्षिक झालं म्हणतात. आमचा खेळ दिल्लीला पोचला तेव्हा आमचा सर्वांत चांगला गडी कुठल्याशा फडात होता. परत आला तो पाडव्याच्या सुमारास. वर्ष बुडालं, मग शाळाच सुटली. पुढे त्याने स्वतः कोयता धरला.

मला नोकरी लागली, गाव सुटलं. एकदा गेवराईच्या स्टँडवर भेटला. चहा पिताना म्हणाला, "आपलं सर्टिफिकेट हाय का रं अजून?" आपलं म्हणाला! मी हो म्हटलं. आणून दाखवतो म्हटलं. पुढे वीसेक वर्षं गावाला जात राहिलो, दर वेळी विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो. लाज वाटायची.

विश्वचषकानंतरच्या महिन्यात ते प्रमाणपत्र घेऊन चकलांब्याला गेलो. वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे खेळायचे व्हय?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्याने घरी कधी सांगितलंच नव्हतं. मग मी तासभर बोलत बसलो. तालुक्याचा सामना, बाभळीचे खांब, तो सूर, सगळं सांगितलं. वहिनी डोळ्याला पदर लावून ऐकत होत्या. नातू उठला आणि ओसरीच्या खांबाला एका हाताने धरून म्हणाला, "असा का?"

"असाच," म्हटलं. "पण घाई करायची नाही. गड्याला आधी वळू द्यायचं."

प्रमाणपत्र तिथेच ठेवून आलो. नाव माझं आहे त्याच्यावर. असू दे.