ब्रेटन वुड्स ते बेलेम : मसुद्यातील स्त्री

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मग्राम. १८९६ साली तेथे जन्मलेले चिंतामणराव १९४४ च्या जुलैत ब्रेटन वुड्स परिषदेस हिंदुस्थानचे एक प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत अविकसित देशांचा स्पष्ट उल्लेख यावा, असा हिंदी शिष्टमंडळाचा आग्रह होता. तो त्याच शब्दांत मान्य झाला नाही. मात्र सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हे शब्द पहिल्या कलमात आले. दुर्बल पक्षाने एका शब्दासाठी झगडणे हा शब्दच्छल नव्हे. पुढील मागणीला आधार तेथूनच मिळतो. त्या परिषदेत अमेरिकी प्रतिनिधींत मेबेल न्यूकमर ही एकच स्त्री होती. हिंदी प्रतिनिधींत एकही नव्हती.

हवामानविषयक वाटाघाटींत स्त्रियांना असा आधार दीर्घकाळ मिळाला नाही. १९९२ च्या हवामान-बदल करारात स्त्रियांचा उल्लेखच नाही. हा काळाचा दोष मानावा, तर त्याच वर्षी रिओ येथे स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या जैवविविधता कराराच्या प्रास्ताविकात स्त्रियांच्या कार्याची नोंद आढळते. २००१ साली माराकेश येथे प्रथम ठराव झाला, तो कराराच्या मंडळांवरील स्त्रियांच्या नियुक्तीविषयी. म्हणजे आसन मागितले गेले. आशयाचा प्रश्न मागेच राहिला. २०१४ च्या लिमा कार्यक्रमाने त्याला वाट करून दिली आणि २०१५ च्या पॅरिस करारात प्रास्ताविकाबरोबरच अनुकूलनाच्या कलमातही स्त्री-पुरुषभेदाची दखल घेतली गेली. २०१७ साली बॉन येथे पहिली कृतियोजना संमत झाली, २०२५ मध्ये बेलेम येथे नवी.

शब्दाची खरी कसोटी मात्र पैशाच्या वाटपात लागते. हानी व नुकसान यांसाठी २०२२ साली शर्म अल शेख येथे निधी ठरला. पुढील वर्षी त्याचे यजमानपद जागतिक बँकेकडे, म्हणजे ब्रेटन वुड्सच्याच अपत्याकडे, सोपवण्याचे ठरले. नाते ज्या महाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील तळिये गावी जुलै २०२१ मध्ये दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. एकेका दरडीचे खापर सरसकट हवामान-बदलावर फोडता येणार नाही, हे खरे. परंतु पुरुष मुंबईस चाकरीला आणि घर-शेती स्त्रीच्या हाती, ही या भागाची जुनी रीत आहे; घराची वा शेताची भरपाई मात्र कागदोपत्री ज्याचे नाव त्याच्याकडे जाते. ते नाव बहुधा तिचे नसते.