दावणीचं नाव

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात उभा केलेला बैल आणि घरी दावणीला बांधलेला बैल, यांचा सौदा सारखा नसतो. बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. आकडा बघ्यांना कळत नसे, पण बैल विकायला आणलाय हे सगळ्यांना ठाऊक असे. दावणीच्या बैलाचा मालक मात्र विकायच्या विचारातच नसतो. तुम्ही जाऊन विचारता, तेव्हा कुठे त्या बैलाला भाव येतो. माझे चुलते, नाना, यांनी निम्मं आयुष्य बैलांच्या व्यापारात घातलं. त्यांची ही अक्कल मला एका डोमेनसाठी उसनी घ्यावी लागली.

गावच्या जुन्या बाजाराचे फोटो आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मला एका वेबसाईटवर ठेवायच्या आहेत. त्यासाठी हवं ते नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. (नाव इथे सांगत नाही, भाव वाढेल.) ते उघडलं तर पान कोरं. ‘विकणे आहे’ अशी पाटी नाही, कुठल्या लिलावात नोंद नाही. म्हणजे दावणीचाच बैल.

मालक शोधणं पूर्वी सोपं होतं. ‘हूइज’ नावाच्या नोंदीत मालकाचं नाव, पत्ता, फोन उघड दिसायचा, आपल्या सातबाऱ्यासारखा. 25 मे 2018 पासून युरोपात जीडीपीआर कायदा लागू झाला आणि जगभरातल्या नोंदणी कंपन्यांनी हे तपशील झाकायला घेतले. आता कंपनीच्या फॉर्ममधून निरोप टाकायचा आणि तो पोचला असेल असं समजायचं.

एकेकाळी तर ही नावं फुकट मिळायची. 1994 साली जोशुआ क्विटनर नावाच्या अमेरिकन पत्रकाराच्या लक्षात आलं, की मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम मोकळंच आहे. त्याने आधी कंपनीला फोन करून विचारलं, तुम्हाला हे नको का? तिथे कुणाला त्याचं महत्त्व कळेना. मग त्याने ते स्वतःच्या नावावर केलं आणि ‘वायर्ड’ मासिकात तसं लिहूनही टाकलं. पुढे कंपनी जागी झाली तेव्हा त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही. ब्रुकलिनमधल्या एका शाळेच्या इंटरनेटसाठी पैसे द्यायला लावले. 1995 च्या सप्टेंबरपासून दोन वर्षांना 100 डॉलर लागू लागले.

आपल्याकडची लढाई 1999 ची, मुंबई उच्च न्यायालयातली. रेडिफ डॉट कॉमवाल्यांनी ‘रॅडिफ डॉट कॉम’ नाव घेणाऱ्यांवर दावा लावला. इंग्रजीत फरक एका अक्षराचा. समोरच्यांचं म्हणणं असं, की हे नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांची अक्षरं जुळवून सुचलं! कोर्टाला ते पटलं नाही. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं, असं न्यायालयाने म्हटलं. 2004 मध्ये सिफीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेनला असंच संरक्षण दिलं.

मला त्याचा उपयोग शून्य. कोर्टाने हत्यार दिलं ते नावावर धंदा उभा केलेल्यांना. गावाच्या बाजाराचं नाव माझा ब्रँड नाही. ज्याने आधी घेतलं त्याचं ते.

मुदत संपायची वाट पाहावी, तर तेही लांबचं काम. डॉट कॉमची मुदत संपली तरी मालकाला साधारण 45 दिवसांपर्यंत नूतनीकरण करता येतं. नंतर 30 दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं. पुढच्या 5 दिवसांनी नाव मोकळं होतं, आणि अशा नावांवर टपलेले प्रोग्राम ते क्षणात उचलतात. शिवाय कुणाच्या विसरण्यावर डोळा ठेवून बसणं मला जरा ओशाळवाणं वाटलं.

मग निरोप लिहिला. पहिला मसुदा इंग्रजीत, ‘आमचे एक ग्राहक इच्छुक आहेत’ अशा थाटाचा. नानांना वाचून दाखवला, तर ते हसले.

“दलाल म्होरं केला की मालक समजतो, पैशेवाला आलाय. तू कोण, कुठला, ते सांग. त्याला पाऊसपाणी इचार. भाव इचारला की बैल महाग झालाच म्हणून समज.”

“आणि त्यानेच विचारला तर?”

“तर खिशात हायेत तेवढे सांग. जास्तीचं सांगून मागं फिरू नको.”

खिशात चौदा हजार आहेत. मराठीत लिहिलं: मी नेकनूरचा, हे हे करायचंय, नाव तुम्हाला लागत नसेल तर बोलूया, लागत असेल तर तसंही कळवा, पुन्हा त्रास देणार नाही. आकडा घातला नाही.

नवव्या दिवशी उत्तर आलं. दोनच ओळी. “विकायचं काही ठरवलेलं नाही. नेकनूरचे म्हणजे तुम्ही कुणाचे?”

नानांना फोन दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “आजाचं नाव लिही. मग गल्ली.”

तेवढं लिहून पाठवलंय.