चेतापेशीचे कप्पे आणि त्यांचे सांधे

मेंदूचे व्यापार संगणकावर घडवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरची परंपरा संगणकाविनाच सुरू झाली. माकूल या सागरी प्राण्याच्या शरीरातील एक चेतातंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि या जाडीमुळेच त्याच्या आत विद्युताग्र सरकवून अ‍ॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांना पटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या, दोन्ही बाजूंमधील विद्युतदाब मोजता आला. सोडियम व पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, या पटलातून केव्हा व किती प्रमाणात ये-जा करतात हे सांगणारी समीकरणे त्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु ती सोडवण्याच्या वेळी केंब्रिजचा संगणक फेरबदलांसाठी बंद असल्यामुळे हक्सली यांनी दांडा फिरवून चालवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर एकेक आकडा काढत, तंतूतून धावणाऱ्या व काही मिलिसेकंदांत सरणाऱ्या विद्युत् स्पंदाचा आलेख उभा केला.

ही समीकरणे एका सरळ तंतूपुरती होती, तर बहुतेक चेतापेशींना वृक्षिका नावाच्या फांद्या असतात आणि त्यांतून येणारा संदेश वाटेत क्षीण होत जातो. विल्फ्रिड रॉल यांनी त्यासाठी लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५० च्या दशकात समुद्रतळावरील तारायंत्राच्या केबलसाठी मांडलेले गणित हाती घेतले, आणि १९६४ मध्ये पेशीचे छोटे कप्पे कल्पून प्रत्येक कप्प्यात विद्युतदाब सर्वत्र सारखाच आहे असे गृहीत धरले. पुढील सर्व आज्ञावलींचा पाया या गृहीतकाने घातला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. मात्र सर्वसाधारण पद्धतीने कप्पे दुप्पट होताच आकडेमोड आठपट होते. मायकेल हाइन्स यांनी १९८४ मध्ये दाखवले की फांद्यांच्या टोकांकडून बुंध्याकडे क्रमांक देत गेल्यास ती केवळ दुप्पट होते. क्रमांक देण्याची ही साधी शिस्त, ड्यूक विद्यापीठात जॉन मूर यांच्यासह आकाराला आलेल्या व पुढे येल येथे वाढलेल्या ‘न्यूरॉन’ या आज्ञावलीचे खरे बळ होय.

‘नेस्ट’ या दुसऱ्या आज्ञावलीने उलट वाट धरली: पेशीच्या फांद्या वगळून तिला बिंदू मानले, आणि २०१३ मध्ये जपानच्या ‘के’ महासंगणकावरील ८२,९४४ प्रोसेसरांच्या साह्याने १७३ कोटी पेशींचे जाळे चालवले, त्या जाळ्यातील एका सेकंदाच्या हालचालीस ४० मिनिटे लागली. ‘द व्हर्च्युअल ब्रेन’मध्ये तर एकेक पेशीही उरत नाही, मेंदूचा संपूर्ण प्रदेश हाच एक घटक ठरतो.

पेशीतील रसायनांपासून पेशींच्या जाळ्यापर्यंतच्या निरनिराळ्या स्तरांना एकत्र बांधण्याचे सर्वांत चिकाटीचे काम भारतात झाले, याची दखल मराठीत अभावानेच घेतली जाते. कॅलटेकमध्ये जेम्स बोवर यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या ‘जेनेसिस’ या आज्ञावलीच्या रचनाकारांपैकी उपिंदर भल्ला हे पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील जीवशास्त्र केंद्रात आले, आणि तेथे ‘मूस’ ही बहुस्तरीय आज्ञावली घडली. विद्युत् स्पंद मिलिसेकंदांत संपतो, तर पेशीतील रासायनिक साखळ्या मिनिटे किंवा तासही चालतात; म्हणून ‘मूस’मध्ये दोन्हींची गणिते वेगवेगळ्या कालपावलांनी पुढे सरकतात, स्पंदामुळे कप्प्यात शिरलेल्या कॅल्शियमचा आकडा रासायनिक गणिताकडे जातो, आणि तेथे बदललेली, आयनांना पटलातून वाट देणाऱ्या मार्गांची संख्या परत येऊन पुढच्या स्पंदाचे रूप ठरवते.