थोतांड ठरलेला वायू

१० डिसेंबर १८४४. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड येथे त्या संध्याकाळी एक गमतीचा प्रयोग होता. गार्डनर कोल्टन हा गृहस्थ तिकीट लावून लोकांना ‘लाफिंग गॅस’, म्हणजेच नायट्रस ऑक्साइड, हुंगायला देई. हुंगणारे हसत, नाचत, धडपडत. पाहणाऱ्यांची करमणूक होई.

त्या दिवशी सॅम्युएल कूली नावाचा, औषधांच्या दुकानात काम करणारा तरुण धुंदीत जोरात आदळला. पायातून रक्त वाहू लागले, पण धुंदी उतरेपर्यंत त्याला त्याचा पत्ताच नव्हता. प्रेक्षकांतल्या एका माणसाने मात्र ते रक्त नीट पाहिले. होरेस वेल्स, वय २९, व्यवसायाने दंतवैद्य.

दंतवैद्याचीच नजर तेथे खिळावी, यात नवल नाही. शस्त्रवैद्याकडे माणूस मरणाच्या भयाने जाई. दंतवैद्याकडे तो भयापोटी जातच नसे. ठणकणारी दाढ परवडली, पण ती खुर्ची नको!

दुसऱ्याच दिवशी वेल्स स्वतः त्या खुर्चीत बसला. कोल्टनने वायूची पिशवी दिली आणि सहव्यवसायी जॉन रिग्जने दाढ उपटली. (हा रिग्ज पुढे हिरड्यांच्या विकारावरील कामामुळे इतका गाजला की पायोरियाला ‘रिग्जचा रोग’ म्हणू लागले.) वेल्सला वेदना जवळजवळ जाणवलीच नाही.

गंमत अशी की ही गोष्ट ४४ वर्षे छापील पुस्तकात पडून होती. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने या वायूचे प्रयोग स्वतःवर केले होते. अक्कलदाढेमुळे सुजलेल्या हिरडीचा ठणका त्याने कमी होतो, हे त्याने अनुभवले आणि फारसा रक्तस्राव न होणाऱ्या शस्त्रक्रियांत तो उपयोगी पडेल, असे १८०० साली लिहूनही ठेवले. कोणी मनावर घेतले नाही.

जानेवारी १८४५ मध्ये वेल्सने बोस्टनला वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक केले. पिशवी वेळेआधी बाजूला झाली, रुग्ण ओरडला आणि ‘थोतांड’ म्हणून हुर्यो उडाली. नेहमीपेक्षा दुखले कमीच, असे त्याच रुग्णाने नंतर सांगितले. पण तोवर सभा उठली होती.

पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, वेल्सचा जुना शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन याने बोस्टनमध्येच ईथर वापरून यश मिळवले. श्रेयाच्या भांडणात वेल्स खचत गेला. क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याचे व्यसन जडले. न्यूयॉर्कमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत त्याने रस्त्यावरील स्त्रियांवर ॲसिड फेकले. जानेवारी १८४८ मध्ये, तेहतिसावा वाढदिवस उलटून तीन दिवस झाले असताना, त्याने तुरुंगात जीव दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसमधील वैद्यकमंडळाने त्याचा अग्रमान मान्य केल्याचे वृत्त आले.

बोस्टनच्या फजितीला केवळ घाई कारण नव्हती. हा वायू मुळातच दुबळा आहे. नुसत्या त्याच्या बळावर गाढ भूल द्यायची, तर श्वासातला ऑक्सिजनच हटवावा लागे. रुग्ण निळा पडू लागे. १८६३ पासून कोल्टनने हाच वायू पुन्हा दंतचिकित्सेत आणला, तोही असाच शुद्ध. बेशुद्धी क्षणांची, म्हणून दाढ झटपट उपटायची! शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज याने १८६८ साली त्यात ऑक्सिजन मिसळण्याची कल्पना मांडली, तेव्हा खरी वाट सापडली.

कारण विसाव्या शतकात प्रश्नच बदलला. वेदनेसाठी हिरडी बधिर करणारे इंजेक्शन आले होते. उरले होते ते भय. भयासाठी माणसाला निजवण्याची गरज नव्हती. ब्रिटनमध्ये पूर्ण भूल देऊन दात काढण्याच्या पद्धतीत मृत्यू घडत राहिले, आणि २००१ च्या अखेरीस रुग्णालयाबाहेर तशी भूल देणे थांबवण्यात आले. गोळी किंवा शिरेतून मिडाझोलाम हे पर्याय आहेतच. पण त्यांची गुंगी उतरायला तास लागतात, आणि सोबत घरी नेणारे माणूस लागते.

आज नाकावर छोटा मास्क, त्यात निदान ३० टक्के ऑक्सिजन. रुग्ण जागा असतो. ‘तोंड उघडा’ म्हटले की उघडतो. हातपाय मात्र सैल पडलेले असतात. शेवटी काही मिनिटे निव्वळ ऑक्सिजन दिला की गुंगी उतरते, आणि भेदरून आलेले पोरही आपल्या पायांनी चालत बाहेर पडते. ज्या दुबळेपणामुळे बोस्टनमध्ये वेल्सची फजिती झाली, त्याच दुबळेपणामुळे तो वायू अजून दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी आहे.